साडेदहा म्हणजे त्यांचे अकरा

14 जानेवारी 2025, मंगळवार. घरी सांगलीला संक्रांत, इथे पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, बांगलादेश सीमेवरच्या आमच्या बीएसएफ चौकीवर, धुकं.

पहाटे 4:15
कुंपणाचे दिवे नुसते पिवळे डाग दिसताहेत. असं दाट धुकं असलं की थर्मल इमेजरही आंधळा, मग सगळी ड्यूटी कानांवर. नाक्यावरच्या जवानांना तारेपाशी धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ पळणारी पावलं. टॉर्च मारला तर गोणपाटात बांधलेल्या फेन्सिडिलच्या बाटल्या. खोकल्याचं औषध, बांगलादेशात त्यावर बंदी, म्हणून तिकडे नशेसाठी चढ्या भावाने खपतं. फेकणारे आपल्या गावचे, झेलणारे त्यांच्या.

पलीकडच्या बीजीबी (बॉर्डर गार्ड बांगलादेश) चौकीच्या सुभेदारसाहेबांना फोन लावला. घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे, पण झोप तेवढीच कमी. हिंदी-बंगालीची खिचडी बोलतो आम्ही. "दादा, तुमच्या बाजूला दोघं-तिघं असतील." "देखछि, साहेब." तासाभराने त्यांचा फोन : कोणी सापडलं नाही. खरंच सापडलं नसेल, किंवा सापडलेला कोणाचा तरी मेहुणा असेल. माझ्याकडूनही त्यांना अशी उत्तरं गेलेली आहेत, त्यामुळे खोलात जात नाही.

सकाळी 7
गेट उघडलं. शेतकरी ओळखपत्र जमा करतात, जवान रजिस्टरात नाव लिहितो, बैल, नांगर, खताची गोणी सगळं तपासून आत सोडतो. आत म्हणजे कुंपणापलीकडे, पण भारतातच. शहरातल्या लोकांना हे पटकन समजत नाही. 1975 साली दोन्ही देशांनी सीमेच्या कारभाराचे नियम ठरवले : शून्य रेषेपासून 150 यार्डांत कोणी संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही. म्हणून आपलं कुंपण आपल्याच हद्दीत मागे सरकलेलं, आणि मोहरीची पिवळी शेतं तारेच्या पल्याड. काही ठिकाणी वस्ती किंवा नदी अशी आडवी येते की कुंपण 150 यार्डांच्या आतच घालावं लागतं. आपण म्हणतो, साधं तारेचं कुंपण हे संरक्षणाचं बांधकाम नव्हे, ते गुन्हेगारी रोखण्यासाठी आहे. ते म्हणतात, आहे.

एरवी हा वाद फायलीत असतो. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना गेल्या वर्षी 5 ऑगस्टला सत्ता सोडून भारतात आल्यापासून तो गावागावांत आहे. या महिन्यात मालद्यात सुकदेवपूरला कुंपणाचं काम अडलं. परवा, 12 तारखेला, ढाक्याने आपले उच्चायुक्त प्रणय वर्मा यांना बोलावून घेतलं; काल दिल्लीने त्यांच्या उपउच्चायुक्तांना.

सकाळी 8:30
पंचायत सदस्य सायकलवरून आला. गावातली एक म्हातारी रात्री गेली. थोरली मुलगी लग्न होऊन पलीकडे, रेषेपासून हाकेच्या अंतरावरच्या गावात. तिला आईचं तोंड दिसेल का?

हे काम मी कधीच वरच्या साहेबांच्या गळ्यात टाकून मोकळा होत नाही. बटालियनला कळवायचं, होकार घ्यायचा, आणि तोवर पलीकडे फोन लावून ठेवायचा. दफन थांबत नाही. सुभेदारसाहेबांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?" साडेदहा, म्हणजे त्यांचे अकरा. वेळ दोन्ही घड्याळांत बोलून घ्यायची, नाहीतर एक पार्टी धुक्यात उगाच अर्धा तास उभी राहते.

सकाळी 10:30
सीमास्तंभाजवळ बांबूची तिरडी आपल्या बाजूला ठेवली, रेषेला अगदी लागून. त्यांचा शिपाई कागदावरची नावं वाचून एकेकाला पुढे सोडत होता. मुलगी पन्नाशीची असेल, चपला मागेच काढून आलेली. भावाने कफनाची गाठ सोडून चेहरा उघडा केला. ती वाकली, आणि हात पुढे गेला तसा शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिने आईच्या कपाळावर तळवा ठेवला. मग भावाबहिणीत दबक्या आवाजात बोलणं झालं, ते दुखवट्याचं नव्हतं : आईच्या कानातलं कोणाकडे राहणार. भावाने खिशातून कागदाची पुडी काढली. पुडी रेषेवरून जाऊ द्यायची की नाही? सुभेदारसाहेबांनी उघडून बघितली, मला दाखवली, तिच्या हातात दिली. नियमाने ती कस्टमची बाब आहे.

दुपारी 1
मेसमध्ये डाळ, भात, आणि घरून आलेला तिळगूळ. हवालदाराने विचारलं, "साहेब, चार लाडू पलीकडे द्यायचे का?" नको म्हटलं. ईद-दिवाळीला मिठाई देतोच आम्ही. पण या आठवड्यात कोणी फोटो काढला, तर लाडवांचा खुलासा सुभेदारसाहेबांनाही द्यावा लागेल आणि मलाही.

दुपारी 3
फ्लॅग मीटिंग, सकाळच्याच जागेवर. तेच सुभेदारसाहेब, पण आता कडक इस्त्रीत, हातात निषेधाचं पत्र : आमच्या हद्दीत कुंपणाची जी दुरुस्ती चालली आहे, ती 150 यार्डांच्या आत आहे, ताबडतोब थांबवा. मी उत्तर वाचलं : काम जुन्याच कुंपणाचं आहे, आणि तार कापणारे तुमच्या बाजूने येतात. दोघांचे आवाज नेहमीपेक्षा चढे, कारण दोघांचीही माणसं मागे उभी राहून ऐकत होती. पोचपावतीवर सह्या झाल्या. याला कोणी नाटक म्हणेल. मला तसं वाटत नाही. निषेध दोघांचाही खरा होता. 2011 च्या जानेवारीत कूचबिहारच्या सीमेवर पंधरा वर्षांची मुलगी आपल्या गोळीने मेली आणि कुंपणाला लटकत राहिली. तिचा फोटो तिकडे कोणी विसरलेलं नाही, आणि तिकडच्या कोणाही माणसासमोर मी उभा राहतो तेव्हा तो मध्ये असतो. सकाळच्या पुडीने ते मिटत नाही.

संध्याकाळी 5
गेट बंद. एक ओळखपत्र उरलं. म्हणजे एक माणूस पलीकडे. म्हैस धुक्यात भरकटली, तो मागोमाग गेला, असं शेजारच्या शेतवाल्याने सांगितलं. हाच माणूस तिकडच्या पोलिसांच्या हाती लागला असता तर बेकायदा प्रवेशाची केस, तुरुंग, पुढे वकिलातीची पत्रापत्री. तसाच माझ्याकडे सापडलेला त्यांचा माणूस ठाण्यात गेला की परदेशी नागरिक कायदा. फोन केला. पाऊण तासात दोन शिपाई त्याला आणि म्हशीला घेऊन स्तंभापाशी आले. दुपारच्या पत्राचा विषय कोणी काढला नाही.

(नंतर जोडलेली नोंद) फोन उचलणारा माणूस नसला की काय होतं, ते पुढे एप्रिलमध्ये पंजाबात दिसलं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 23 तारखेला, फिरोजपूर भागात आपला एक जवान शेतकऱ्यांबरोबर असताना चुकून रेषा ओलांडून पाकिस्तानात गेला. तो अटारीवरून परत आला 14 मे रोजी. मधल्या काळात लढाई होऊन गेली होती.

रात्री 9
बटालियनला दिवसाचा अहवाल. बाटल्या जप्त, फ्लॅग मीटिंग एक, निषेधपत्र मिळालं, उत्तर दिलं, अंत्यदर्शन एक, शेतकरी परत एक. कानातल्याचा उल्लेख नाही. दोन्ही दलांच्या महासंचालकांची नोव्हेंबरात ठरलेली बैठक पुढे ढकलली होती. ती आता फेब्रुवारीत दिल्लीत व्हायची आहे. आमच्या पातळीवर पुढे ढकलण्याची सोय नाही, उद्या पुन्हा म्हैस जाणार.

आजचं म्हशीचं प्रकरण बघता उद्या धुकं असलं तर गेट सातऐवजी आठला उघडायचं ठरवलं. जवानांना सांगितलं, पंचायत सदस्याला सांगितलं, आणि झोपण्यापूर्वी पलीकडेही कळवलं : आठ, म्हणजे तुमचे साडेआठ.