भिंतीवरचा दिवा आणि बंद केलेलें बटण

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एका दिव्यावरून लहानसा वाद उपस्थित झाला. मातोश्री रात्रीं आपल्या खोलींत पोथी वाचीत बसतात. छताचा उजेड त्यांच्या दृष्टीस पुरत नाहीं, म्हणून चिरंजीवांनीं भिंतीवर लावावयाचा एक पितळी दिवा आणला. दिवा देखणा होता. परंतु त्याची वायर भिंतीवरून लोंबत खालच्या सॉकेटांत जाई, आणि आमचा दीड वर्षाचा नातू ती दोन्ही हातांनीं ओढूं लागला. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्याच भिंतीवर जुन्या ट्यूबलाइटचा पॉइंट आहे ना? प्लग कापून दिवा तेथेंच जोडून टाकूं. अर्ध्या तासाचें काम." आम्हांसही तें तसेंच वाटलें. तरी उतारवयांत हात थोडा कांपतो, या एकाच कारणास्तव आम्हीं वायरमन बोलाविला.

त्या पॉइंटाच्या दोन तारा टेप गुंडाळून ठेवलेल्या होत्या. आम्हीं बटण बंद केलें व "आतां खुशाल हात घाला" असें सांगितलें. वायरमननें हात न घालतां टेस्टर टेकविला, आणि तो पेटला. बटण बंद, तरी तार जिवंत!

याचें कारण वाचकांनीं नीट समजून घ्यावें. दिव्यास दोन तारा लागतात. एक फेजची, जींत २३० व्होल्टांचा दाब असतो, आणि दुसरी परतीची, म्हणजे न्यूट्रलची. बटण फेजच्या वाटेंत असावें असा दंडक आहे. आमच्या घराचें वायरिंग करणारानें तें न्यूट्रलच्या वाटेंत बसविलें होतें. दिवा दोन्ही प्रकारें विझतो. म्हणून वीस वर्षें कोणास शंकाही आली नाहीं. मात्र दुसऱ्या प्रकारांत विझलेल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत विजेचा दाब तसाच उभा असतो. ती ट्यूब आम्हीं स्वतः, बटण बंद करून, दर दिवाळीस ओल्या फडक्यानें पुसली आहे.

प्लगाची थोरवी आम्हांस त्या दिवशीं कळली. प्लग उपटून हातांत घेतला, कीं दिवा सर्व तारांपासून सुटला, हें डोळ्यांस दिसतें. दिवा भिंतीस पक्का जोडला म्हणजे हा साक्षीदार नाहींसा होतो. मग उरतो तो बटणावरचा विश्वास, आणि बटणाच्या आंत काय आहे तें कोणीच पाहिलेलें नसतें.

न्यूट्रलला आमच्या पाठ्यपुस्तकांत 'उदासीन' म्हणत. त्यावरून ती निरुपद्रवी, असा समज होतो. परंतु कौटिल्याच्या राजमंडळांतील उदासीन राजाही दुबळा नसून इतरांहून बलिष्ठ सांगितला आहे! वायरमननें तिलाही फेजइतक्याच अदबीनें हाताळलें.

पुढें मेन स्विच पाडला, तरी टेस्टर पेटलेलाच. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, हें आम्ही विसरलों होतों! मेन बंद होतांच त्यानें निमूटपणें दिव्यांचा भार उचलला होता. ज्यांच्या घरीं हें यंत्र आहे त्यांनीं आधीं तें बंद करावें. टेस्टर पेटला नाहीं म्हणजे तार मेली, असेंही नव्हे. त्याचा अल्पसा प्रवाह आपल्याच अंगांतून जातो. कोरड्या लांकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभें राहिल्यास तो खोटें बोलूं शकतो. म्हणून वायरमननें मीटर काढला, तो प्रथम जिन्यांतील चालू सॉकेटावर पारखला, मग पॉइंटावर लावला, आणि पुनः जिन्यांत जाऊन मीटर मध्येंच बिघडला नाहीं ना, याची खातरी केली. शाळेंत गणिताचा ताळा आम्ही इतक्या निष्ठेनें कधीं करवून घेतला नसेल.

दिव्याच्या वायरींत तीन तारा होत्या: तपकिरी फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थची. येथें रंगांचा एक घोटाळा संभवतो. आपल्याकडील जुन्या वायरिंगांत न्यूट्रल काळी असते, आणि लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची असूं शकते. 'निळीस निळी' असें जोडणारा फसावयाचा. शिवाय आमच्या पॉइंटाला अर्थची तारच नव्हती. पितळी दिव्यास ती पाहिजेच. आंत फेज सुटून धातूस टेकली तर सारा दिवाच जिवंत होतो. चौकोनांत चौकोन असें दुहेरी आवरणाचें चिन्ह असलेल्या दिव्यास मात्र ती लागत नाहीं.

तेव्हां बोर्डापासून नळींतून नवी हिरवी तार ओढली, बटण फेजवर आणलें, आणि सांधे दिव्यामागील डबींत स्क्रूच्या कनेक्टरनें केले. प्लगाची मऊ वायर गिलाव्यांत पुरावी, ही आमची मूळची कल्पना वायरमननें हंसून उडविली. ती त्यासाठीं केलेली नसते, आणि पुरल्यावर तिचें सालपट सोललें तरी दिसत नाहीं. भिंतींतून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तीही नळींतूनच, हें बरें.

कायद्याचेंही सांगितलें पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणें दिवा, पंखा, बटण यांची जशीच्या तशी अदलाबदल सोडली, तर घरांतील वायरिंगचें काम परवानाधारकाकडूनच व्हावयास पाहिजे. आम्हांस हा नियम जाचक वाटत नाहीं.

अर्ध्या तासाच्या कामास सारी दुपार लागली. सायंकाळीं मातोश्रींनीं स्वतः बटण दाबून दिवा लाविला. मग आमच्या आग्रहावरून वायरमननें घरांतील उरलेले अकरा पॉइंट तपासले. आणखी दोन तसेच निघाले. त्यांपैकीं एक न्हाणीघराचा होता.