एका भांड्यातला स्वयंपाक : हॉट डॉग आणि पास्ता

हॉट डॉग आणि पास्ता एकाच पॅनमध्ये शिजवणे ही अमेरिकेतल्या नोकरदार घरांची संध्याकाळची सोय. मॅकरोनी-चीजमध्ये हॉट डॉगच्या चकत्या टाकून मुलांना वाढायची रीत तिथे जुनीच आहे. एका पॅनची पद्धत तीच चव टोमॅटोच्या रश्शात आणते आणि घासायची भांडी कमी करते.

या पद्धतीची सगळी मदार पाण्यावर आहे. एरवी पास्ता भरपूर पाण्यात उकळून चाळणीत ओततात आणि त्यातून सुटलेला स्टार्च पाण्याबरोबर जातो. इथे पाणी मोजकेच असते. बरेचसे पास्ता पितो, थोडे वाफ होऊन उडते, आणि स्टार्च पॅनमध्येच राहून रस्सा दाट करतो. वेळलेला भात आणि बैठा भात यांतला फरक तो हाच. त्यामुळे वेगळा मैदा किंवा क्रीम घालावे लागत नाही.

चौघांसाठी २५० ग्रॅम मॅकरोनी किंवा पेने, ६ हॉट डॉग, एक कांदा, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, एक कप टोमॅटो प्युरी, अडीच कप पाणी आणि १०० ग्रॅम किसलेले चीज पुरते. पॅन पसरट, जाड बुडाचा आणि झाकणाचा हवा.

हॉट डॉग कारखान्यातूनच शिजून येतो, त्यामुळे पॅनमध्ये त्याला फक्त रंग चढवायचा असतो. अर्ध्या इंचाच्या चकत्या चमचाभर तेलात पसरल्या की दोन मिनिटे त्यांना हात लावू नये. कडा तपकिरी होतात आणि बुडाला खरपूस थर धरतो. चकत्या काढून त्याच तेलात कांदा परतला की कांद्याच्या पाण्याने तो थर सुटतो; रश्शाची निम्मी चव त्यातच असते. मग लसूण, प्युरी, पाणी आणि कोरडा पास्ता. मीठ या टप्प्यावर घालू नये, कारण हॉट डॉग आणि चीज दोन्ही खारट असतात.

उकळी फुटली की आच मंद करून झाकण ठेवावे. सुरुवातीची काही मिनिटे पास्ता एकमेकांना चिकटू पाहतो, म्हणून तेव्हा वरचेवर ढवळणे भाग आहे. टोमॅटोच्या आंबटपणामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. एक तुकडा कापून पाहावा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर तो अजून कच्चा आहे. शिजल्यावर चकत्या परत घालून वाफ येईपर्यंत गरम कराव्यात. चीज मात्र गॅस बंद करूनच घालावे, नाहीतर त्याचे तूप सुटून गोळे होतात.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी गोल चकत्या धोक्याच्या, कारण त्या घशात अडकतात. त्यांच्यासाठी हॉट डॉग आधी उभा चिरून मग बारीक कापावा.

आपल्याकडचे चिकन फ्रँकफर्टर या पाककृतीत चालतात, फक्त तेल थोडे जास्त लागते. गोव्याच्या चोरीसचे तसे नाही. मिरची-व्हिनेगरमध्ये मुरवलेले ते डुकराचे मांस कच्चेच असते, म्हणून ते आधी थोड्या पाण्यात पूर्ण शिजवून मगच त्यात पास्ता घालावा. साध्या गव्हाच्या रव्याची मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या पास्त्यापेक्षा लवकर गळते. तिला अर्धा कप पाणी कमी घालावे आणि आठव्या मिनिटापासून तपासत राहावे.

उरलेला पास्ता फ्रीजमध्ये रस्सा पिऊन घट्ट होतो. गरम करताना पाव कप उकळते पाणी घातले की तो पुन्हा सैल होतो.