वेगापुढे हरताना

२७ सप्टेंबर २०२१. जॉर्डनची राजधानी अम्मान. महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत भारताची गाठ जपानशी पडली आणि चाळीस मिनिटांनंतर फलकावर आकडे होते जपान १३६, भारत ४६. नव्वद गुणांचा फरक! पुण्याची शिरीन लिमये त्या भारतीय संघात होती. २०१७ साली बंगळुरूमध्ये कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचं विजेतेपद मिळवणाऱ्या संघातही ती होती. म्हणजे अम्मानला गेलेल्या मुली काही नवशिक्या नव्हत्या.

जपानचा संघ त्या वेळी ऐन भरात होता. सातच आठवड्यांपूर्वी त्यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक पटकावलं होतं. ताकदीतला फरक कुणी नाकारणार नाही. पण याच स्पर्धेत दुसऱ्या दिवशी भारताने दक्षिण कोरियाविरुद्ध ६९ गुण केले (सामना ६९-१०७ असा गमावला) आणि फिलिपिन्सकडून तर अवघ्या चार गुणांनी, ७०-७४ अशी हार पत्करली. त्याच मुली, तीच स्पर्धा. चार गुणांनी हरणारा संघ नव्वद गुणांनीही हरतो, तेव्हा समोरच्याचं कौशल्य हे अर्धंच उत्तर असतं. उरलेलं उत्तर वेगात आहे. आणि ते पुण्यातल्या महाविद्यालयीन संघांच्या फार उपयोगाचं आहे, कारण असे पराभव आपल्याकडच्या कोर्टवरही दर मोसमात दिसतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर, नाशिक अशा विभागांत आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, मग आंतरविभागीय, आणि त्यातून निवडलेला संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या वाटेवर कुठे ना कुठे धावणारा संघ भेटतोच. पहिली पाच मिनिटं बरोबरीत जातात. मग अचानक आठ-शून्य, दहा-शून्य असा सपाटा लागतो, आणि मध्यंतरापर्यंत सामना संपलेला असतो. बाहेर येणारी पोरं एकच गोष्ट सांगतात, “सर, ते फार फास्ट होते.” सरांचं निदानही ठरलेलं: स्टॅमिना कमी पडला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मैदानाला फेऱ्या सुरू.

फेऱ्यांनी दम वाढतो, हे खरंच. पण ज्या कारणाने सामना गेला, त्याला या फेऱ्या शिवतही नाहीत.

एक साधा प्रसंग बारकाईने पाहू. आपल्या संघाचा खेळाडू आत घुसून लेअप मारतो. चेंडू रिंगवर आपटून बाहेर येतो. मारणारा बोर्डाखालीच थांबून पंचांकडे हात पसरतो: फाउल! समोरच्या सेंटरने तोवर रिबाउंड घेतलेला असतो आणि पाय जमिनीला टेकण्याआधीच त्याची मान साइडलाइनकडे वळलेली असते. तिथे त्याचा गार्ड पाठ कडेच्या रेषेकडे करून उभा. सगळं कोर्ट त्याच्या नजरेत. पास. दोघे जण दोन्ही कडांनी सुटलेत. गार्डचे तीन ड्रिबल, एक पास, लेअप. कोर्टची लांबी २८ मीटर. चेंडू एका रिंगवरून दुसऱ्या रिंगमध्ये जायला चार-पाच सेकंद लागले. फाउल मागणारा खेळाडू अजून मधल्या रेषेच्या अलीकडे आहे.

या पाच सेकंदांत कोण जास्त जोरात पळालं? कदाचित कुणीच नाही. समोरचे आधी निघाले, एवढंच. धावण्याच्या शर्यतीत हे दोघे बरोबरीत आले असते. इथे एकाने चेंडू रिंगवर आदळताक्षणी सुरुवात केली आणि दुसऱ्याने दोन सेकंदांनी. दोन सेकंदांत चांगला खेळाडू बरंच अंतर कापतो.

म्हणून वेगवान संघाविरुद्धचा पराभव बचाव ढिसाळ झाल्यामुळे झाला असं वाटतं, पण त्याची सुरुवात आपल्याच हल्ल्यात झालेली असते. शॉट कुणी मारायचा हे ठरलेलं असतं. शॉट सुटताना मागे कोण राहणार, हे मात्र ठरलेलं नसतं. तिघांनी रिबाउंडला जावं, दोघांनी मागे यावं, हा जुना आणि साधा नियम. प्रत्यक्षात पाचही जण चेंडू आत जातोय का ते पाहत उभे राहतात. त्यातून शॉट लांबून मारलेला असेल, तर चुकलेला चेंडू उडतोही लांब, थेट समोरच्या गार्डच्या हाती. घाईने मारलेला प्रत्येक थ्री पॉइंटर हा अशा संघाला दिलेला अर्धा फास्ट ब्रेक असतो.

चुकलेल्या शॉटपेक्षा हातातून गेलेला चेंडू महाग. शॉट सुटल्यावर निदान सगळ्यांना कळतं की आता ताबा बदलू शकतो. मधल्या रेषेजवळ पास कापला गेला, तर आपल्या पाचही जणांची तोंडं उलट्या दिशेला असतात. फुल कोर्ट प्रेस टाकणारे संघ याच क्षणाची वाट पाहतात. चेंडू आत टाकायला पाच सेकंद, अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला आठ सेकंद. या दोन मुदती मनावर बसल्या की गार्ड कडेने पळू लागतो, आणि साइडलाइन व मधली रेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ड्रिबल थांबवतो. तिथे दोन रेषा आणि दोन बचावपटू अशा चौघांनी तो घेरला जातो. महाविद्यालयीन संघांची खरी दुखरी जागा ही आहे. चेंडू नेणारा भरवशाचा खेळाडू एकच. त्याला अडवला, दमवला किंवा त्याचे तीन फाउल झाले, की बाकीच्या चौघांना चेंडू पुढे कसा न्यायचा ते कळत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १८ मार्च १९९०. गतविजेता मिशिगन आणि लॉस एंजेलिसचं छोटं लोयोला मेरीमाउंट. लोयोलाचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा आग्रह असा, की चेंडू हाती आल्यापासून काही सेकंदांतच शॉट गेला पाहिजे. त्या मोसमात या संघाची सरासरी सामन्याला १२२.४ गुणांची होती. त्यांचा प्रमुख खेळाडू हँक गॅदर्स दोनच आठवड्यांपूर्वी सामना चालू असताना कोसळून मरण पावला होता. संघ त्या दुःखातच मैदानात उतरला होता. मिशिगन उंच, धिप्पाड, नामांकित. निकाल लोयोला १४९, मिशिगन ११५. लोयोलाच्या जेफ फ्रायरने एकट्याने अकरा थ्री पॉइंटर मारले.

यात १४९ पेक्षा ११५ हा आकडा जास्त बोलका आहे. एवढे गुण करूनही मिशिगन ३४ गुणांनी हरलं. त्या काळी तिथे एका हल्ल्याला ४५ सेकंद मिळत. ती सगळी सेकंदं मिशिगनच्या मालकीची होती. पण समोरचा पळतोय म्हटल्यावर तेही पळाले. लवकर शॉट, लवकर पास, लवकर चूक. लोयोला रोज त्याच वेगात सराव करत होतं. मिशिगनला तो वेग त्या दुपारी पहिल्यांदा भेटला. वेगवान संघ हेच साधतो. तो समोरच्याला आपल्या तालावर खेळायला लावतो. ‘आपणही पळू, बघू कोण दमतं’ असं म्हणणारा महाविद्यालयीन संघ नेमका त्यांना हवा तोच सामना खेळत असतो.

मग पळायचंच नाही का? तसंही नाही. पुढच्याच आठवड्यात नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासमधल्या संघाने लोयोलाला १३१-१०१ असं हरवलं, आणि तेही भरपूर पळून. त्यांच्याकडे परत येऊन बचावाला उभं राहण्याची शिस्त होती. सहा वर्षांनी प्रिन्स्टनने नेमकं उलटं करून दाखवलं. १९९६ मध्ये गतविजेत्या यूसीएलएविरुद्ध त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी प्रत्येक हल्ला शॉट क्लॉक संपत येईस्तोवर लांबवला. पास, पुन्हा पास, बचावपटूचं लक्ष हललं की त्याच्या पाठीमागून रिंगकडे धाव. प्रिन्स्टन जिंकलं ४३-४१. लोयोला आणि मिशिगन या दोघांनी मिळून २६४ गुण केले होते. इथे दोघांचे मिळून ८४. खेळ तोच.

शॉट क्लॉक आला तोच मुळी अशा संथपणाला कंटाळून. १९५० साली फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं, तेव्हा प्रेक्षक वैतागले. १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोनी यांनी हिशोब मांडला: सामन्याचे २८८० सेकंद, रंगतदार सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट; म्हणजे एका शॉटला २४ सेकंद. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मुदत आधी ३० सेकंद होती, २००० पासून तीही २४ झाली. २४ सेकंदांत चार-पाच चांगले पास बसतात. आपले संघ पहिल्या पासनंतरच शॉट मारतात, तेव्हा त्यांना घड्याळ घाई करत नसतं.

जपानकडे परत येऊ, कारण ते उदाहरण आशियाई शरीरयष्टीचं आहे. युरोप-अमेरिकेशी तुलना केली तर जपानच्या मुली बुटक्या. ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षक टॉम होवासे यांनी ती उणीव वेगाने आणि लांबून नेमबाजीने भरून काढली. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेमतेम १६२ सेंटिमीटर उंचीच्या रुई माचिदाने १८ असिस्ट दिले, हा ऑलिम्पिक विक्रम ठरला. त्या दिवशी जपानचा वेग पायांपेक्षा पासमध्ये जास्त होता. चेंडू हाती येण्याआधीच पुढचा पास कुणाला द्यायचा, हे तिला दिसत होतं.

हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. खो मिळाल्यावर विचार करत उठणारा खेळाडू कुणी संघात घेत नाही. पाटीवर बसलेला असतानाच त्याचा एक पाय दाबलेला, नजर पळणाऱ्यावर, मनात दिशा ठरलेली. खो-खोचे नियम लिहून काढण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. ही तयारी इथल्या शाळांतली मुलं लहानपणी शिकतात. तीच मुलं बास्केटबॉलच्या कोर्टवर ताबा बदलल्यावर उभी का राहतात?

याचं उत्तर, या लेखकाच्या मते, हाफ कोर्टमध्ये आहे. पुण्यात संध्याकाळी कुठल्याही सिमेंटच्या कोर्टवर जा. खेळणारे जास्त, कोर्ट एक. मग दोन्ही रिंगांवर वेगळे खेळ लागतात, तीन विरुद्ध तीन नाहीतर चार विरुद्ध चार. नियम असा, की समोरच्याचा चुकलेला चेंडू मिळाला तर तो आधी रेषेबाहेर ‘क्लिअर’ करायचा आणि मगच हल्ला. या खेळात ड्रिबल सुधारतं, शॉट सुधारतो, धक्काबुक्कीची सवय होते. पण ताबा बदलला की श्वास घ्यायचा, हेही अंगात मुरतं. शेकडो संध्याकाळी शरीराला शिकवलेलं असतं की चेंडू गेल्यावर दोन-तीन सेकंद काही घडत नाही. स्पर्धेत नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत सगळं घडतं. महाविद्यालयाचा सरावही बराचसा अर्ध्या कोर्टवर होतो, कारण उरलेल्या अर्ध्यावर मुलींचा संघ असतो, किंवा शाळेचा. दोष मुलांचा नाही. जागेचा आहे, आणि सरावाची आखणी करणाऱ्यांचा आहे.

दमाचं कारण अगदीच खोटं म्हणता येत नाही. दमलेल्या खेळाडूचे शॉट आखूड पडतात, रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. पण दमणं हेही पुष्कळदा आखणीतून येतं. बारा जणांच्या संघातले सहाच खेळवले जातात आणि उरलेले सहा शेवटच्या दोन मिनिटांत, सामना हातून गेल्यावर आत येतात. पूर्वार्धात मिळणारे दोन टाइमआउट सपाटा सुरू होताच घ्यायचे असतात. ते बहुतेकदा पंधरा गुणांची पिछाडी झाल्यावर घेतले जातात.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. आठवड्यातून दोनदा तासभर पूर्ण कोर्ट फक्त एकाच सरावासाठी घ्यावं: पाच विरुद्ध पाच, शॉट सुटला की नेमलेल्या दोघांनी मागे वळायचं, पहिल्याने रिंग सांभाळायची, दुसऱ्याने चेंडू अडवायचा. चेंडू नेणारे तीन गार्ड तयार करावेत. आणि सामन्याच्या वेळी बाकावरच्या एखाद्या मुलाच्या हाती वही द्यावी. समोरच्याचे गुण त्याने तीन रकान्यांत लिहावेत: आपल्या चुकलेल्या शॉटनंतर आलेले, हातातून गेलेल्या चेंडूवर आलेले, आणि आपला बचाव नीट उभा असताना आलेले. विभागीय फेरीत हरलेल्या संघाने बसमध्ये बसल्यावर ती वही उघडावी. तिसरा रकाना पहिल्या दोन रकान्यांहून बराच लहान निघाला, तर दुसऱ्या दिवशीचा सराव मैदानाच्या फेऱ्यांऐवजी पूर्ण कोर्टवर घ्यावा.