दोन प्यादी दिली, डाव घेतला

दोन्हीकडे प्यादी सारखी, मोहरे जवळपास सारखे, आणि तरी एक बाजू सरळ जिंकते. नवख्याला हे कोडे वाटते. 'थोडेसे वर्चस्व' म्हणजे नेमके काय आणि डावाच्या शेवटी त्याचे विजयात रूपांतर कसे होते, हे सांगायला मी नेहमी एकच डाव मांडतो. १९२४ची न्यूयॉर्कची स्पर्धा, पांढरी मोहरी तेव्हाचा जगज्जेता होसे राऊल कापाब्लांकाकडे, काळी टार्टाकोव्हरकडे. घरात पट असेल तर काढाच.

वर्चस्व कुठे होते?

२६व्या खेळीला वजीर आणि हत्तींची एक जोडी पटावरून गेली. उरले दोघांचे एकेक हत्ती, पांढऱ्याचा उंट, काळ्याचा घोडा आणि सहा-सहा प्यादी. मोजून पाहिले तर बरोबरी. उलट सी-३ वरचे प्यादे पांढऱ्याचेच कच्चे होते आणि त्याच्यावर काळ्याचा डोळा होता.

पण काळ्याचा घोडा ए-५ वर, पटाच्या अगदी कडेला होता. पांढऱ्याचा उंट डी-३ वरून थेट राजाच्या बाजूकडे रोखलेला. म्हणजे जिथे लढाई होणार तिथे पांढऱ्याचे बळ जास्त होते. एवढेच ते वर्चस्व. ते टिकाऊही नव्हते, कारण घोड्याला परतायला तीन-चार खेळ्या पुरतात. म्हणून कापाब्लांकाने लगेच एच-प्यादे पुढे रेटले, मारामारी करून एच-पट्टी मोकळी केली आणि हत्ती एच-७ वर नेऊन बसवला.

सातव्या ओळीवर बसलेला हत्ती दोन कामे करतो. काळ्याचा राजा शेवटच्या ओळीत कोंडला जातो, आणि सी-७, ए-७ ही घरची प्यादी कायम धाकात राहतात.

चांगला उंट का दिला?

घोडा धावत परतला आणि एफ-५ वर आला. इथे पुष्कळ जण अडखळतील. आपला उंट एवढा छान, तो घोड्यावर का खर्च करायचा? कापाब्लांकाने ३४व्या खेळीला तो दिला, आणि काळ्याला जी-प्याद्याने मारावे लागले. झाले! पांढऱ्याच्या जी-५ प्याद्यापुढची वाट मोकळी झाली.

मला वाटते, शेवटच्या टप्प्याचे मर्म इथेच आहे. वर्चस्व एकाच रूपात सांभाळून ठेवता येत नाही. उंटाचे वर्चस्व संपत आले होते, ते मोकळ्या प्याद्याच्या रूपात वळवून घेतले. मोहरा मारताना काय गेले यापेक्षा पटावर काय उरले, ते पाहायचे.

राजा निघाला

आता पाच-पाच प्यादी आणि एकेक हत्ती. काळ्याचा हत्ती सी-३ चे प्यादे खायला टपलेला. ते वाचवायला हत्ती मागे आणला असता, तर सातवी ओळ गेली असती आणि डाव बहुधा बरोबरीत सुटला असता.

कापाब्लांकाने ३५व्या खेळीला राजा जी-३ वर नेला. काळ्याने सी-३ चे प्यादे शह देत मारले. राजा एच-४ वर. मग काळ्याने एफ-४ चेही प्यादे शह देतच मारले. राजा जी-५ वर. जी-प्यादे तोवर सहाव्या ओळीत पोचले होते. आता पाच विरुद्ध तीन! नुसती प्यादी मोजणारा म्हणेल, पांढरा हरला.

न मारलेले प्यादे

३९वी खेळी मी दरवेळी थांबून पाहतो. एफ-५ वरचे काळे प्यादे राजाच्या शेजारीच उभे होते, फुकट मिळत होते. कापाब्लांकाने ते मारले नाही. त्याला वळसा घालून राजा एफ-६ वर नेला. का? ते प्यादे म्हणजे त्याच्याच राजाची ढाल होती. ते जागेवर असेपर्यंत काळ्याच्या हत्तीला एफ-पट्टीतून शह देता येत नव्हता. वर एच-८ वर हत्तीने मात देण्याची धमकीही होती. काळ्याच्या राजाला कोपऱ्याकडे सरकावेच लागले.

पुढची वसुली

त्यानंतर सी-७, एफ-५, ए-७, डी-५ अशी चार काळी प्यादी एकामागून एक पडली. घाई कुठेच नव्हती. एफ-५ चे प्यादेसुद्धा ढालीची गरज सरल्यावरच घेतले. मधे जी-प्यादे शह देत सातव्या ओळीत गेले. ते काळ्याने हत्तीने मारले असते, तर हत्तीची अदलाबदल होऊन पांढरा राजा डी-५ वर पोचला असता, आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या त्या लढतीत काळ्याला आशा नव्हती. म्हणून त्याने राजा जी-८ वर नेला आणि तो तिथेच अडकला.

५१व्या खेळीला टार्टाकोव्हरने ए-४ चे प्यादेही मारले. पांढऱ्याकडे दोनच प्यादी राहिली, एक जी-७ वर आणि दुसरे डी-५ वर, पण दुसऱ्याच्या शेजारी सी-६ वर राजा उभा होता. ते प्यादे डी-६ वर सरकले आणि काळ्याने डाव सोडला.