विश्लेषण : करवंद-जांभळाची ‘मुरवलेली’ व्होडका घरी स्वस्तात कशी होते? धोका कुठे? कायदा काय सांगतो?

उन्हाळा सुरू झाला की पेण आणि रोह्याच्या बाजारात कातकरी बायका करवंदे, जांभळे आणि रातांब्यांच्या टोपल्या घेऊन बसतात. याच फळांचा स्वाद दिलेली व्होडका घरच्या घरी करण्याचा प्रयोग अलीकडे अनेक जण करू लागले आहेत. फ्लेवर्ड बाटली महाग पडते, म्हणून साधी व्होडका आणायची आणि त्यात फळ घालायचे, असा हा हिशेब आहे. काम सोपे असले तरी स्वस्ताईच्या नादात कुठे थांबायचे हे माहीत असणे गरजेचे आहे.

आताच ही चर्चा का?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट झाले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे ‘क्वार्टर’ची, किमान किरकोळ किंमत २०५ रुपये ठरली. उंची विदेशी मद्यासाठी ती ३६० रुपये आहे. साहजिकच ‘कमी पैशांत चांगली चव’ देणाऱ्या युक्त्या शोधल्या जाऊ लागल्या.

मुरवणे म्हणजे नेमके काय?

येथे दारू गाळायची नसते की फळ आंबवायचे नसते. तयार, सीलबंद व्होडकात फळ बुडवून ठेवायचे, एवढेच. भारतात मिळणाऱ्या बहुतेक व्होडकांमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के असते. पाण्यात विरघळणारे रंग आणि आंबटपणा त्यात उतरतो, तसेच सालीतले सुगंधी तेलही उतरते. एवढ्या तीव्र द्रवात यीस्ट जगत नाही, त्यामुळे फळ आंबत नाही. रशियात अशा मद्याला ‘नास्तोयका’ म्हणतात. इटलीतले ‘लिमोन्चेलो’ही लिंबाची साल मद्यार्कात मुरवूनच करतात.

कमी खर्चात कसे करायचे?

पहिल्याच वेळी ‘खंबा’ म्हणजे ७५० मिलिलिटरची बाटली आणू नये. एका क्वार्टरवर प्रयोग करावा, म्हणजे बिघडले तरी नुकसान थोडे. महागडा ब्रँडही नको, कारण फळाच्या चवीत त्याचे बारकावे हरवतात. क्वार्टरला ६० ते ७० ग्रॅम फळ पुरते.

- भांडे : लोणच्यासाठी वापरतो तशी काचेची, घट्ट झाकणाची बरणी. उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. प्लॅस्टिकची बाटली टाळावी.
- करवंदे : धुऊन चीक पुसावा, अर्धी कापावीत. चार ते सात दिवस.
- जांभळे : बी काढून टाकावी, नाहीतर तुरटपणा वाढतो. चार-पाच दिवसांत गडद रंग येतो.
- रातांबे : ताज्या फळाची फक्त साल घ्यावी. मिठातले आगळ घालू नये, चव खारट होते. तीन-चार दिवस.
- कैरी किंवा अननस : पातळ फोडी, तीन ते पाच दिवस.
- लिंबू : फक्त वरची हिरवी-पिवळी साल. खालचा पांढरा भाग कडू असतो. दोन दिवस पुरतात.
- आले किंवा हिरवी मिरची : काही तासांतच चाखून पाहावे, मिरची लवकर डोक्यावर बसते.

फळ पूर्ण बुडालेले असावे. वर तरंगणारा भाग काळा पडतो आणि खराब होऊ शकतो. बरणी उन्हापासून दूर ठेवावी, रोज एकदा हलवावी आणि दुसऱ्या दिवसापासून चव घ्यावी. हवी तशी चव आली की मलमलच्या फडक्यातून गाळावे, फळ काढून टाकावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवावी. साखर लागलीच तर शेवटी पाकाच्या रूपात घालावी. रसाळ फळाने तीव्रता उतरते, त्यामुळे फळ वाढवण्यापेक्षा कमी ठेवणे बरे. बुरशी, फेस किंवा आंबूस वास दिसल्यास चाखून न बघता ओतून द्यावे.

पैसे वाचवण्याची मर्यादा कुठे?

बाटलीच्या उगमापाशी. सुटी, विनालेबल किंवा ‘कारखान्यातून आणलेले स्पिरिट’ म्हणून विकली जाणारी वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनते, त्याने डोळ्यांची नस जळते. चवीवरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही. काडी लावून ज्योतीचा रंग पाहण्यासारख्या घरगुती चाचण्यांवरही विसंबता येत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला, त्यामागे मिथेनॉलच होते.

लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात : धूसर दिसणे, पोटदुखी, उलट्या, दम लागणे. अशा वेळी ‘उतरेल हळूहळू’ म्हणत झोपू न देता तातडीने रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले हे लपवू नये. वेळेत उपचार मिळाले तर जीव आणि दृष्टी वाचू शकते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार दारू गाळणे, आंबवून तयार करणे किंवा विकणे यासाठी परवाना लागतो. कायद्यातील निर्मितीची व्याख्याही व्यापक आहे. त्यात मद्य तयार करण्याबरोबर मिश्रणाच्या प्रक्रियाही येतात. त्यामुळे मुरवलेल्या बाटल्यांचा साठा करणे, हळदीला पुरवणे, होम-स्टेच्या पाहुण्यांना पैसे घेऊन देणे हे ‘घरगुती’ या सबबीखाली बसत नाही. शंका असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

मद्य बाळगण्या-पिण्यासाठीही परवाना आवश्यक आहे. एका दिवसाचा पाच, वर्षाचा शंभर आणि आजीवन हजार रुपयांना मिळतो. व्होडकासारख्या मद्यासाठी किमान वय २५ आहे. बाटली परवानाधारक दुकानातूनच, बिलासह घ्यावी. गोवा किंवा दमणहून ‘स्वस्त’ म्हणून परवान्याशिवाय आणलेली बाटली गुन्ह्यात मोडते.

गोड चवीचा सापळा

फळाची चव मद्याचा तिखटपणा लपवते आणि हात सैल सुटतो. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर व्होडकात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणून ओतताना माप वापरावे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर दूरच राहावे.

गाडीची चावीही आधीच बाजूला ठेवावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्यात दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पेणहून मुंबई-गोवा महामार्ग धरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ज्यांना मद्य नको, त्यांच्यासाठी हीच करवंदे, जांभळे आणि रातांबे सरबतालाही तितकीच चालतात. टोपलीवालीला तिने सांगितलेला दर द्यावा. या साऱ्या हिशेबात फळाचा खर्च सगळ्यात कमी असतो, तिथे घासाघीस करून बचत होत नाही.