फास्ट फूड आणि फास्ट कॅज्युअल : भेद नेमका कोठे?

अमेरिकेतील उपाहारगृह-व्यवसायात १९९० नंतरच्या काळात ‘फास्ट कॅज्युअल’ हा प्रकार रूढ झाला. फास्ट फूडपेक्षा काहीसे महाग, परंतु अधिक ताजे व आरोग्यदायी अन्न, अशी त्याची ओळख बहुधा करून दिली जाते. यातील किमतीविषयीचे विधान ग्राह्य आहे. उर्वरित विधान मात्र तपासून घ्यावे लागते.

सेवेच्या दृष्टीने दोन्ही प्रकार सारखेच आहेत. ग्राहक काउंटरवर मागणी नोंदवतो, खाण्यापूर्वी पैसे देतो आणि वाढप्याची सेवा नसते. अमेरिकेच्या शासकीय उद्योग-वर्गीकरणातही दोहोंची गणना ‘मर्यादित सेवा’ या एकाच वर्गात होते. त्यामुळे भेद शोधावयाचा तो मागणी आणि घडण यांच्या क्रमात.

मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहाची फेररचना केली. पदार्थांची यादी नऊवर आणली, धुवावी लागणारी भांडी काढून कागदी वेष्टने आणली आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकला. येथे स्वयंपाकघराला कारखान्याचे रूप आले. ग्राहक दारात येण्यापूर्वीच पदार्थाचे रूप निश्चित झालेले असे व वेगळे काही मागणारा ग्राहक हा या यंत्रणेतील अडथळा ठरे. (आपल्याकडे वडापावच्या गाडीलाही फास्ट फूड म्हणतात, तेथे वेग आहे, परंतु ही रचना नाही.)

पाकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या स्टीव्ह एल्स यांनी १९९३ मध्ये डेन्व्हर येथे सुरू केलेल्या ‘चिपोटले’ने हा क्रम बदलला. भात, घेवडा, मांस, भाज्या हे घटक आधीच तयार असतात. त्यांची जुळणी मात्र काचेपलीकडे, ग्राहकाच्या देखत आणि त्याच्या सांगण्यानुसार होते. म्हणजे प्रमाणीकरण नाहीसे झाले नाही, ते तयार पदार्थावरून घटकांवर आले. मांसाचे काही प्रकार तर मध्यवर्ती ठिकाणी शिजवूनच शाखांकडे पाठविले जातात. ग्राहक अधिक पैसे मोजतो ते निवडीसाठी, आणि बऱ्याच अंशी डोळ्यांना दिसणाऱ्या कामासाठी. या प्रतिरूपाचे मोल खुद्द मॅकडोनाल्ड्सने ओळखले होते. १९९८ मध्ये तिने चिपोटलेत गुंतवणूक केली व २००६ मध्ये ती काढून घेतली.

आता आरोग्याचा प्रश्न. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुख्य पदार्थांतील सरासरी उष्मांक फास्ट फूडमध्ये ५६१, तर फास्ट कॅज्युअलमध्ये ७६० आढळले. केवळ उष्मांकांवरून पोषणमूल्य ठरत नाही, हे खरे. तरीही ‘ताजे’ म्हणजे ‘हलके’ हे समीकरण येथे टिकत नाही. ग्राहक स्वतः निवड करतो तेव्हा चीज, आंबट साय यांची भरही तोच घालतो.

ताजेपणाची दुसरी बाजू २०१५ मध्ये उघड झाली. चिपोटलेशी संबंधित ई-कोलाय संसर्गाच्या मुख्य उद्रेकात ११ राज्यांतील ५५ व्यक्ती बाधित झाल्या. कच्च्या भाज्या शेकडो शाखांत हाताळल्या जातात, तेव्हा प्रत्येक शाखेत स्वच्छतेची शिस्त तितकीच कडक असावी लागते. कारखानदारी पद्धतीत हा भार काही मोजक्या ठिकाणी एकवटलेला असतो. या घटनेनंतर कंपनीने टोमॅटोसारख्या भाज्या चिरण्याचे काम मध्यवर्ती स्वयंपाकगृहांकडे नेले, म्हणजे ज्या पद्धतीपासून वेगळेपण सांगितले जात होते तिच्याच दिशेने पाऊल टाकले. २०१५ ते २०१८ या काळातील अन्नजन्य आजारांच्या प्रकरणी २०२० मध्ये तिने २.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या मागणीमुळे हा भेद आणखी पुसट होत आहे. अशा मागणीसाठी शाखेच्या मागील भागात जुळणीची स्वतंत्र रांग असते आणि अनेक शाखांतून ग्राहक मोटारीतूनच खिडकीवर पुडा घेऊन जातो. निवड त्याचीच असते, जुळणी मात्र त्याला दिसत नाही.