गोल्ड कोस्ट : शिकागोचा सरोवरकाठ

१८७१ च्या महाअग्नीत शिकागोचा मोठा भाग बेचिराख झाल्यानंतर, शहरातील धनिकवर्ग दक्षिणेकडील प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूवर स्थिरावलेला असताना, पॉटर पामर या हॉटेलमालकाने उत्तरेकडे, मिशिगन सरोवराच्या काठावरील वाळू आणि दलदलीची जमीन खरेदी करून, १८८० नंतरच्या दशकात तेथे गढीवजा प्रासाद उभारला. आणि पाठोपाठ धनवंतांचा सारा जथा तिकडे वळला. या प्रासादाच्या बाहेरील दारांना मुठी नव्हत्या म्हणतात : आतून कोणी उघडील तेव्हाच प्रवेश! १९५० मध्ये तो पाडला गेला व त्या जागी उत्तुंग निवासी इमारती आल्या.

जुन्या वैभवाचा मागमूस घ्यावयाचा तर अ‍ॅस्टर स्ट्रीटवरून पायीच हिंडावे. लुई सुलिव्हन आणि त्या वेळी त्यांच्या पदरी असलेले तरुण फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेले चार्नली सदन (१८९२) तेथेच आहे. उत्तर टोकाला आर्चबिशपांचे पूर्वीचे, एकोणीस धुराड्यांचे तांबड्या विटांचे निवासस्थान. १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेसाठी आलेल्या स्वामी विवेकानंदांना आश्रय देणारे हेल कुटुंबही नजीकच्याच डिअरबॉर्न मार्गावरचे.

घर आणि पाणी यांच्यामध्ये मात्र आठ पदरी हमरस्ता अहोरात्र धावतो, त्यामुळे ओक स्ट्रीटच्या पुळणीवर जाण्यास भुयारी वाट धरावी लागते. घरभाडे लाटांच्या दर्शनाचे. कानांवर पडते ती मोटारींची घरघर! हिवाळ्यात काठावरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर तुषार गोठून काचेसारखा थर चढतो, तेव्हा तेथे न फिरकणेच इष्ट.